घुर्र करते तेव्हा चावते

"चप्पल काढू नका, भाऊजी," मथुरावहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या.

एक चप्पल मी काढली होती. ती पुन्हा घातली. आत सत्यनारायण मांडलेला. चौरंगाला केळीचे खांब, टेंभेकर गुरुजी शंख पुसत बसलेले, गल्लीतल्या बायका ठेवणीतल्या लुगड्यांत, आणि दाराच्या आतल्या अंगाला, भिंतीवरच्या बटणाशी, रबरी चप्पल घालून उभा मी. देवाधर्माशी माझं फारसं सख्य नाही हे गल्लीला ठाऊक होतं. पण ते मी इतक्या उघडपणे जाहीर करीन असं कुणाला वाटलं नव्हतं.

"इथंच उभे राहा. या बटणावर हात ठेवजा. मी 'हं' म्हटलं की बंद करजा."

"कशाचं बटण आहे हे?"

"एसीचं."

"पूजेत मध्येच एसी कशाला बंद करायचा?"

"मधातच नाही. मी म्हटल्यावर," वहिनी म्हणाल्या आणि तीर्थाचं भांडं आणायला गेल्या.

मथुरावहिनी म्हणजे आमच्या शेजारच्या पागृत मास्तरांची बायको. मास्तर माझे मित्र. ते जाऊन वर्ष झालं होतं आणि वहिनी त्या तीन खोल्यांच्या घरात एकट्या राहत होत्या. एकुलता मुलगा उल्हास पुण्याला मोठ्या कंपनीत इंजिनिअर. अकोल्याचा उन्हाळा कसा असतो ते पुण्याला गेल्यावरच माणसाला नीट आठवतं. उल्हासलाही ते आठवलं आणि त्यानं होळीच्या सुमारास आईसाठी खिडकीत बसवायचा एसी पाठवून दिला. गल्लीतला पहिला एसी. तो बसवला त्या दिवशी निम्मी गल्ली वहिनींच्या झोपायच्या खोलीत येऊन गार होऊन गेली.

महिनाभरानं वहिनी मला कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊजी, तो एसी मले चावते."

"म्हणजे?"

"म्हणजे चावते. घुर्र करते तेव्हा चावते. गप असला की नाही चावत."

मी हसलो नाही. चेहरा सरळ ठेवायची मला सवय आहे. तसाच, चपलांनिशी, जाऊन पाहिलं. एसी घुरघुरत होता. खिडकीतून आत आलेल्या त्याच्या पत्र्याच्या कडेवर मी तळहात ठेवला. काही नाही. दुसरा ठेवला. तरी काही नाही.

"तुम्हाले नाही चावत," वहिनी खिन्नपणे म्हणाल्या. एसीनं माझ्यात असं काय पाहिलं, हे त्यांना उमगत नव्हतं.

ज्यानं एसी बसवला त्या नंदू मेकॅनिकला बोलावलं. तो सँडल न काढताच आला, एसीच्या पाठीवर म्हशीला थोपटावं तसं थोपटलं आणि म्हणाला, "एक नंबर आहे मशीन. अन् काकू, कुलरले नाही का येत थोडाफार करंट? अकोल्यात कोण्या कुलरले येत नाही? लोखंड म्हटलं की थोडं होतेच."

"थोडं नाही रे बापा. झिणझिण्या पार खांद्यालोक जातात."

"मग ते डॉक्टरचं काम आहे, काकू. माझं नाही."

काम डॉक्टरकडे गेलं. डॉक्टरांनी हातोडीनं गुडघे ठोकले, तळव्यांना टाचणी टोचली आणि नसांचा अशक्तपणा असं निदान करून बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं लिहून दिली. वहिनींनी ती सगळी घेतली. एसी चावायचा थांबला नाही. पुढच्या खेपेला त्यांनी डॉक्टरांना घुर्र करण्याचा तपशीलही सांगितला. ही मात्र चूक झाली. डॉक्टरांनी पुण्याला फोन केला.

मे महिन्यात उल्हास आला तो दोन तिकिटं काढूनच. जायची तिकिटं. एक त्याचं, एक आईचं. पहिल्याच संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"काका, आई तुमच्याशी नीट बोलते ना?"

"तुझ्याशी बोलते त्याहून बरी बोलते."

"तसं नाही. म्हणजे... एसी चावतो म्हणते ती. घुर्र करतो म्हणते. काका, मी स्वतः हात लावून पाहिला. सकाळी, दुपारी, दोन्ही वेळा. काही नाही. डॉक्टर म्हणाले, एकटं राहिलं की होतं असं. वस्तू जिवंत वाटायला लागतात. ही सुरुवात असते."

"कशाची?"

तो पायातल्या सपातेनं ओट्यावरची एक मुंगी इकडून तिकडे ढकलत राहिला. पुण्याला त्याच्या घरात संगमरवर आहे, थंडीत पाय आखडतात, म्हणून घरातही रबरी सपाता. त्या तो अकोल्यालाही घेऊन आला होता. बेचाळीस डिग्रीत.

"कायमचंच घेऊन जातो तिला," तो म्हणाला. "घर विकायचं म्हणतोय. एक गिऱ्हाईकही पाहून ठेवलंय. तुम्ही समजवा ना. तुमचं ऐकेल ती."

मी समजवायला गेलो. वहिनी दुपारच्या फरशीवर पाणी शिंपडत होत्या. ही त्यांची जुनी रीत. उन्हाळ्यात जेवणं झाली की शहाबादी फरशीवर चार तांबे पाणी मारायचं, पोतेरं फिरवायचं आणि त्या ओल्या गारव्यात अनवाणी बसून तांदूळ निवडायचे. एसी आला तरी हे सुटलं नव्हतं.

"तुम्हालेही वाटते का भाऊजी, माझं डोकं फिरलं म्हणून?"

"नाही."

"मग मले चावते हे खरं वाटते?"

आता आली पंचाईत. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला चावतो हे खरं वाटतं. तो चावतो हे वाटत नाही."

"मास्तरांसारखं बोलू नका," त्या म्हणाल्या. मग पोतेरं पिळत, माझ्याकडे न पाहता, "मले पुण्याले जायला कायचं दुःख नाही. नातवंडं आहेत तिथं. पण येडी म्हणून नाही जाणार. एकदा येडी म्हणून गेली, की मग मी काहीही बोलली, तर सून मान हलवन आणि नातू हसन. तिथं मी राहीन, पण माझं बोलणं इथंच राहून जाईन."

मी उल्हासला जाऊन सांगितलं, समजवलं. कुणी कुणाला समजवलं, ते मात्र सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी एकदम नरमल्या. "येते मी," म्हणाल्या. "पण घर सोडायच्या आधी सत्यनारायण झाला पाहिजे. अन् एसी असलेल्या खोलीत झाला पाहिजे. लोक गरमीनं बसणार नाहीत नाही तर." उल्हासला इतकं हायसं वाटलं की त्यानं केळीचे खांब स्वतः खांद्यावरून आणले.

तर अशी ती पूजा. वहिनींनी सकाळपासून खोली दोनदा धुतली होती. फरशी अजून ओली होती. येणाऱ्याच्या पायांवर त्या दारातच तांब्यानं पाणी घालत होत्या. मला वगळून. उल्हास सोवळं नेसून पाटावर. गुरुजी लाकडी आसनावर. एसी घुरघुरत होता आणि मी बटणावर बोट ठेवून उभा होतो. समोरच्या गिरजाबाई माझ्या चपलांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहत होत्या.

संकल्प झाला, गणपती झाला, वरुण झाला. वहिनी मध्येच म्हणाल्या, "गुरुजी, नवी वस्तू आहे घरात. तिलेही गंधफूल लावून घ्या."

"कोणती वस्तू?"

"हा काय, एसी."

गुरुजींनी ट्रक, थ्रेशर, एक्स-रेचं मशीन, सगळ्यांना गंध लावलेलं. त्यांनी लगेच होकार दिला. "यजमान, उठा. ओल्या गंधाची पाच बोटं उमटवा. पाट सरकवून घ्या, वरच्या कडेशी उमटली पाहिजेत."

उल्हासनं पाट पायानं खिडकीशी सरकवला, त्यावर उभा राहिला आणि एसीच्या पत्र्यावर ओल्या हातानं गंधाची पाच बोटं ओढली. एसी घुरघुरला.

काही झालं नाही.

वहिनींचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, यांना खरंच बरं वाटत नसावं. उल्हासनं आईकडे पाहिलं, अगदी मायेनं, आणि तीच माया बघवत नव्हती. 'पाहिलंस ना आई?' असं त्या नजरेत होतं.

वहिनी पाटाकडे पाहत होत्या. क्षणभरच. मग म्हणाल्या, "उल्हास, खाली उतर. देवाच्या पाटावर असं उभं राहू नये. अन् फूल राह्यलं. खालून लाव."

"आई, पाटावरूनच बरं..."

"लाव."

तो उतरला. ओल्या फरशीवर दोन्ही पाय टेकवले, झेंडूचं फूल घेतलं आणि पत्र्याच्या फटीत खोचायला गेला.

फूल छताला लागलं असं गिरजाबाई आजही सांगतात. मी छताकडे पाहत नव्हतो. उल्हासचा हात मागे उडाला, तो स्वतः अर्धा पाण्याच्या कळशीवर गेला, आणि पुण्याची सगळी वर्षं एका झटक्यात गळून पडून त्याच्या तोंडून लहानपणीची बोली बाहेर आली.

"अय माय वं! चावला ना मले!"

"हं," वहिनी म्हणाल्या.

मी बटण बंद केलं. एसी गप झाला. एसीवरून गंधाचा एक ओघळ तेवढा खाली आला.

उल्हास दंड चोळत आईकडे पाहत राहिला.

"बी-ट्वेल्व्ह कमी असन," वहिनी म्हणाल्या. "पुण्याले गेला की तपासून घे."

पहिलं हसू गुरुजींना आलं. मग सगळ्यांना. उल्हास हसला नाही. तो इंजिनिअर होता आणि आता त्याच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं होतं. तो पाटाकडे पाहायचा, मग फरशीकडे, मग आपल्या ओल्या पावलांकडे, मग माझ्या चपलांकडे. माझ्या चपलांवर त्याची नजर थांबली.

"तुझ्या सपाता," वहिनी म्हणाल्या. "परवा माझे पाय ओले होते, म्हणून त्या घालून एसी पुसला. नाही चावला. काढून पुसला, चावला. मग समजलं मले. तो पाय पाहून चावते."

"मग तेव्हाच सांगायचंस ना, आई!"

"सांगतलं असतं तर तू म्हणाला असता, आता चपलेशी बोलते."

उल्हास वाकून खाली पडलेलं झेंडूचं फूल उचलायला लागला.

गुरुजींनी उरलेली पूजा पंख्याखाली आटोपली. साधुवाण्याची कथा त्या दिवशी फार भराभर झाली. प्रसाद वाटून बायका निघाल्या तशी उल्हासनं मेन स्विच पाडला, प्लग उपसून हातात घेतला आणि दारात उन्हाला धरून पाहिला. प्लगला दोन पिना होत्या. तिसऱ्या, जाड पिनेच्या जागी कापल्याची चकचकीत खूण.

नंदूला बोलावणं गेलं.

"ती म्या कापली," नंदूनं मोकळेपणानं सांगितलं. "बोर्डातलं वरचं छेद बुजेल होतं. जात नव्हती. तशीही ती शोची असते भाऊ. मोठ्या मशीनले तिसरी टांग देतात कंपनीवाले, मान म्हणून."

उल्हासनं डोळे मिटून घेतले. मग बोर्ड उघडला. तिसऱ्या छिद्राच्या मागे वायर नव्हतीच. मीटरजवळ जाऊन पाहिलं. तिथंही नाही. तो अंगणभर फिरला आणि परत येऊन ओट्यावर बसला.

"अर्थच नाही," तो म्हणाला. "या घराला अर्थच नाही, काका."

वायरमन लोक अर्थिंगला अर्थ म्हणतात, हे मला ठाऊक होतं. तरी मास्तरांचा हार घातलेला फोटो समोर होता. त्या माणसानं उभा जन्म पोरांना कवितेचा अर्थ समजावून दिला आणि स्वतःच्या घराला द्यायचा विसरला. मी हे बोलून दाखवलं नाही. प्रसंग तो नव्हता. उल्हासनं दारात आलेल्या आईकडे पाहिलं.

"आई, तू रोज पुसायचीस हा एसी?"

"रोज. धूळ किती येते."

"ओल्या फडक्यानं?"

"कोरड्यानं कुठं धूळ निघते?"

"अनवाणी. ओल्या फरशीवर." तो थांबला. "आई, त्याच्या आतली गळती वाढतच गेली असती गं. आणि एके दिवशी हात चिकटला असता, सुटला नसता. तू इथं एकटी. दार आतून लावलेलं. आणि आम्ही पुण्यात इंजेक्शनं मोजत बसलो असतो."

वहिनी त्याच्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "जेवून घे. प्रसादावर किती वेळ राहशील?"

पुढचे दोन दिवस अंगणात खड्डा चालू होता. उल्हासनं नंदूला हाकललं नाही. उलट कुदळ त्याच्याच हातात दिली आणि खोदता खोदता तिसऱ्या पिनेवर त्याची शाळा घेतली. नंदू घामाघूम होऊन ऐकत होता. मशीनच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीत जायला वाट लागते, ती वाट म्हणजे ही पिन. वाट कापली की ती माणसातून जाते. संध्याकाळी नंदू म्हणाला, "म्हणजे म्या गावात बऱ्याच जागी कापली आहे भाऊ." दुसऱ्या दिवशी तो उशिरा आला. सकाळी चार घरी जाऊन प्लग बदलून आला होता.

खड्ड्यात तांब्याची पट्टी उतरवली, तिच्याभोवती मीठ आणि कोळसा थराथरानं भरायला लागले.

"लोणचं घालता का रे तिचं?" वहिनींनी ओट्यावरून विचारलं.

"जमीन ओली राहायला हवी, आई. उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी टाकत जा यात."

"फरशीवर टाकते ते इथं टाकीन."

मीटरशेजारी एक नवा स्विचही बसला. उल्हासनं आईला तो समजावून सांगितला. "घरात जेवढी वीज जाते तेवढीच परत आली पाहिजे. थोडी जरी मधल्यामध्ये कुठं पळाली, कुणाच्या अंगातून गेली, की हा लगेच पडतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत. हे बटण दाबून महिन्यातून एकदा पाहायचं, पडतो का ते."

"म्हणजे मधल्या सुट्टीनंतरची हजेरी," वहिनी म्हणाल्या. "एखादं पोर कमी भरलं की शाळा बंद."

"अगदी तेच."

त्यांनी बटण दाबलं. खट्. घरातला पंखा थांबला, फ्रिज थांबला. त्यांनी स्विच वर केला, सगळं सुरू झालं. पुन्हा दाबलं. खट्. तिसऱ्यांदा उल्हासनं त्यांचा हात धरला.

एसी दुरुस्त होऊन खिडकीत परत बसला तेव्हा तो घुरघुरायला लागला आणि आम्ही तिघंही त्याच्याकडे पाहत उभे राहिलो. वहिनींनी हात पुढे केला.

"थांब," उल्हास म्हणाला. "आधी मी."

त्यानं सपाता काढल्या. तांब्याभर पाणी स्वतःच्या पायांवर आणि फरशीवर ओतलं. माझ्याकडे पाहिलं. मी न सांगता बटणावर बोट ठेवलं. या कामात माझा हात आता बसला होता. त्यानं एक श्वास घेतला आणि अख्खा तळहात पत्र्यावर टेकवला. ठेवला. तसाच ठेवला.

"आता तू."

वहिनींनी आधी एक बोट लावलं. मग सगळा हात. मग गाल लावला आणि डोळे मिटले.

"गार आहे की रे हा," त्या म्हणाल्या.

तिकिटाचं कुणी काही बोललं नाही. घराचं गिऱ्हाईक एकदा येऊन गेलं, त्याला वहिनींनी सरबत दिलं आणि उल्हासनं नकार. आईचं तिकीट त्यानं माझ्यादेखत स्टेशनावर जाऊन रद्द केलं. दिवाळीला मी येते, असं वहिनींनी स्वतःहून सांगितलं. आपणहून जाणं आणि नेलं जाणं यातला फरक त्यांच्या आवाजात स्वच्छ ऐकू येत होता.

निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी होती. उल्हास आईच्या पाया पडला, माझ्याही पडला, बॅग आत टाकली. मग रिक्षात बसता बसता अडखळला आणि बाहेर आला.

"आई," तो म्हणाला. बोलणं त्याला जड जात होतं. "अजून काही आहे का? म्हणजे तू सांगितलेलं, आणि आम्ही... हसण्यावारी नेलेलं."

वहिनींनी विचार केला.

"तुमच्या पुण्याच्या न्हाणीतला गीझर," त्या म्हणाल्या. "तोही चावते. मागच्या दिवाळीले सांगतलं होतं मी. बारीक चावते, पण चावते. नळाले हात लावला की."

उल्हासच्या चेहऱ्याचा रंग गेला. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, तो त्याला ऐकू आला नाही. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि तिथंच उन्हात उभा राहून फोन लावला.

"पोरांच्या आंघोळी झाल्या? नाही ना? मग थांबव. आत्ता थांबव. गीझरचा स्विच बंद कर आणि कुणाला नळाला हात लावू देऊ नको. इलेक्ट्रिशियन बोलाव... अगं, चावतो तो."

पलीकडून सूनबाईंचं हसू कुंपणापर्यंत ऐकू आलं. वहिनी पदराशी चाळा करत दुसरीकडे पाहत होत्या.

उल्हासनं ते हसू पुरं होऊ दिलं.

"हसू नको," तो म्हणाला. "आई सांगतेय."